डावा कुजबुजतो

घड्याळजींचा या जगात दोनच गोष्टींवर विश्वास होता. एक स्वतःचा डावा कान आणि दुसरी अदलाबदल. बाकी सगळी दुनिया चोर, आणि जे चोर नाहीत ते अजून सापडले नाहीत, इतकंच. भाजीवाली तराजूला अंगठा लावते, छत्री दुरुस्त करणारा जुनीच काडी पुन्हा बसवतो, आणि हवामान खातं तर मुद्दामच खोटं बोलतं, असं त्यांचं ठाम मत होतं. ताक फुंकून पिणारे पुष्कळ असतात. घड्याळजी फुंकून झाल्यावर शेजाऱ्याला आधी प्यायला लावणाऱ्यांतले.

आता ही अदलाबदल काय ते सांगायलाच हवं, नाही तर पुढचं कळायचं नाही. घड्याळात दोष आहे पण कुठे आहे ते सापडत नाही, असं झालं की ज्या भागाचा संशय असेल तो काढायचा आणि दुसऱ्या, चालत्या घड्याळात बसवून बघायचा. दोष भागाबरोबर गेला तर भाग नासका. आणि भाग तिकडे मजेत चालला, दोष मात्र होता तिथेच राहिला, तर भाग बिचारा निर्दोष, घड्याळातच खोट. त्यांच्या वस्तादाने हा नियम शिकवला होता आणि पस्तीस वर्षांत तो एकदाही चुकला नव्हता.

डाव्या कानाचंही तसंच. उजव्या डोळ्यावर भिंग, उजव्या हातात चिमटा, मग घड्याळ उचलायचं ते डाव्या हाताने आणि लावायचं ते डाव्या कानाला. त्या कानाने काय ते सांगायचं आणि गिऱ्हाइकाने गुपचूप मान हलवायची, अशी रीत होती.

म्हणून गाण्याच्या बाई तिसऱ्यांदा दुकानाची पायरी चढल्या तेव्हा घड्याळजींच्या कपाळावर आठी आली. बाई मागच्या गल्लीत राहायच्या आणि घरीच गाणं शिकवायच्या. त्यांच्या वडिलांचं चावीचं मनगटी घड्याळ त्यांनी दुरुस्तीला दिलं होतं.

"अजून लंगडतंय हो," बाई म्हणाल्या. "टिक आणि टॉकमधलं अंतर सारखं नाही. एक पाय आखडून चालल्यासारखं वाटतं."

घड्याळजींनी घड्याळ डाव्या कानाला लावलं. टिक. टिक. टिक. आवाज जरा बारीक होता, पण चाल अगदी सरळ होती. बाईंना काय हवंय तरी काय, त्यांच्या मनात आलं. फुकटात तेलपाणी? की पलीकडच्या चौकातल्या नव्या दुकानदाराने यांचे कान फुंकलेत?

"बाई, घड्याळ ठणठणीत आहे," ते म्हणाले. "लंगडतोय तो तुमचा कान. वय झालं की व्हायचंच. डॉक्टरला दाखवा एकदा."

बाईंचा चेहरा एकदम उतरला. त्यांनी हात नकळत कानाशी नेला.

"असं म्हणता?" त्या हळूच म्हणाल्या. "तुम्ही म्हणताय म्हणजे असेलही. पण कानच गेला तर मी मुलींना शिकवायचं काय?"

घड्याळजींनी भिंग डोळ्यावर चढवलं आणि दुसरं घड्याळ उघडलं. बाई घड्याळ टेबलावरच विसरून गेल्या. घड्याळजींनी ते खणात टाकलं.

ही गोष्ट पंधरा दिवसांपूर्वीची. त्यानंतर गिऱ्हाइकांचं राहिलं बाजूला, घड्याळजींना घरातच काळंबेरं दिसायला लागलं. बायको बोलायची बंद झाली होती. म्हणजे तोंड हलायचं, पण पुटपुटल्यासारखं. जेवायला ती नेहमीसारखी त्यांच्या डावीकडेच बसायची, भात वाढता वाढता काहीबाही बोलायची, आणि "काय?" म्हणून विचारलं की "काही नाही, जेवा," म्हणून मोकळी. आतल्या खोलीत मात्र मुलीशी फोनवर तास तास कुजबुज. लग्न होऊन मुलगी लांबच्या शहरात राहत होती, रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा. घड्याळजी दारात उभे राहिले की कुजबुज थांबायची.

आणि एक दिवस बायको समोर येऊन उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "अहो, फोन खांद्यात धरून मान आखडते तुमची. ते कानात घालायचं बिनवायरीचं मिळतं ना, ते घेऊ या तुम्हाला. दोन्ही हात मोकळे राहतील."

घड्याळजींचे कान टवकारले. हिला एवढा पुळका कशाचा? बत्तीस वर्षांच्या संसारात मान आखडलेली दिसली नाही ती आजच बरी दिसली. म्हणजे माझ्या कानात बोळे कोंबायचे आणि यांनी मायलेकींनी घरभर खुशाल खलबतं करायची!

"घेऊ या की," ते म्हणाले. "पण निवडणार मी."

"तुम्हीच निवडा," बायको म्हणाली, आणि तिने पदराआड हसू दाबलं असं त्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं मोबाइलच्या दुकानात गेली. घड्याळजींनी खिशात भिंग आणि बारीक स्क्रू-ड्रायव्हर घेतला होता. दुकानात काचेच्या टेबलापलीकडे एक चटपटीत मुलगी उभी होती. बायकोकडे बघून ती ओळखीचं हसली. हेही घड्याळजींनी टिपून ठेवलं.

"हे बघा काका, हे छोटे कानातले. हे मानेवरून घ्यायचे. आणि हे डोक्यावरून, मोठ्या गाद्यांचे," मुलगी म्हणाली. "वापरून बघा. पुसून ठेवलेत."

घड्याळजींनी आधी डबी उलटी करून भिंगातून पाहिली. कुठे चिकटवल्याची खूण दिसते का, झाकण आधी उघडलंय का, सगळं पाहिलं. मागे उभं असलेलं एक गिऱ्हाईक घड्याळात बघायला लागलं. मुलीने फोनवर एक गाणं लावलं आणि घड्याळजींनी दोन्ही गोळे कानांत बसवले.

"कसा वाटतो आवाज?"

"उजवीकडचा बोलतोय," घड्याळजी म्हणाले. "डावा कुजबुजतो."

"घट्ट बसला नसेल काका."

त्यांनी दाबून बसवला. कुजबुजच. मुलीने तो काढून, पुसून स्वतःच्या कानात घातला. "वाजतोय की चांगला!"

"तुझ्या कानात वाजणारच. माल तुझा ना!"

मानेवरचा घेतला. उजवा खणखणीत, डावा कुजबुजतो. मुलीने मागच्या कपाटातून नवी कोरी पेटी काढली, त्यांच्यादेखत पट्टी फाडली. त्यातलाही डावा मेला कुजबुजतो! आता मात्र घड्याळजींचा पारा चढला.

"एक नासका निघाला तर समजू शकतो," ते टेबलावर बोट आपटत म्हणाले. "तिन्हीचे डावेच कसे नासके? सगळा टाकाऊ माल भरलाय आणि आम्हा म्हाताऱ्यांच्या गळ्यात मारताय! लोकांना कळत नाही, मला कळतं. पस्तीस वर्षं कानावर पोट भरतोय मी!"

मुलगी गोरीमोरी झाली आणि तिने त्यांच्या बायकोकडे पाहिलं. बायको पुढे आली. चांगली समोर येऊन, त्यांच्या तोंडाकडे बघत तिने विचारलं, "अहो, संशय आहे ना तुम्हाला? मग एवढं भांडायचं कशाला? दुकानात काय करता तुम्ही अशा वेळी?"

"काय करतो म्हणजे? अदलाबदल करतो!"

"मग करा की."

घड्याळजींना एकदम चेव आला. आता बघाच म्हणावं! भर दुकानात यांचं पितळ उघडं पाडतो. त्यांनी डोक्यावरचा, मोठ्या गाद्यांचा घेतला, सरळ घातला आणि मोठ्याने सांगितलं, "ऐका सगळे. आत्ता डावा कुजबुजतोय. आता मी हा उलटा घालतो. कुजबुज उजव्या कानात आली की माल नासका. झालं?"

त्यांनी तो काढला, उलटा केला, पुन्हा डोक्यावर चढवला.

मघाचा कुजबुजणारा आता उजव्या कानावर होता आणि खणखणीत गात होता. मघाशी गाणारा डाव्या कानावर आला होता आणि तो कुजबुजत होता.

त्यांनी तो पुन्हा फिरवला. मग छोटे गोळे घेऊन या कानातला त्या कानात घातला. मग नव्या पेटीतला डावा उजव्या कानात अर्धामुर्धा कोंबला. भाग बदलत होता. दोष होता तिथेच राहत होता.

घड्याळजींनी डोक्यावरचं यंत्र काढून काचेवर हळूच ठेवलं. कधीपासून, त्यांना वाटलं, कधीपासून मी असा?

"तुला माहीत होतं," ते बायकोला म्हणाले.

"तीन महिने चाललंय हे, मला उमजलं गेल्या आठवड्यात," बायको म्हणाली. "डॉक्टरकडे चला म्हटलं असतं तर तो डॉक्टर चोर ठरला असता. मी सांगितलं असतं तर मी. तुमची लेक म्हणाली, बाबांना त्यांच्याच नियमात पकडू. सोनारानेच कान टोचावे लागतात, आणि तुम्हाला तर तुमच्याशिवाय दुसरा सोनार चालत नाही. काल येऊन या पोरीला सगळं सांगून गेले होते मी."

म्हणजे कट होताच! संशय खरा निघाल्याचं समाधान घड्याळजींना क्षणभर झालं, आणि लगेच ते विरून गेलं. त्यांनी दुकानातल्या मुलीसमोर हात जोडले. "चोर सोडून संन्याशाला फाशी दिली मी, पोरी. रागावू नकोस."

"नाही हो काका," ती म्हणाली. "एका कानाने ऐकणाऱ्यांसाठी फोनमध्ये सोय असते. दोन्हीकडचा आवाज एकाच बाजूला आणता येतो. लावून देऊ?"

छोटे गोळे घेऊन दोघं बाहेर पडली. बायको सवयीने त्यांच्या डावीकडून चालायला लागली, थबकली, आणि मागून वळसा घालून उजवीकडे आली.

"तीन महिने जेवताना काय काय बोललीस?" घड्याळजींनी विचारलं.

"पुष्कळ. डाळ संपली. नळ गळतोय. मी एकटीच बडबडतेय की काय, हेही बोलले. फार राग यायचा हो, आधी वाटायचं मुद्दामच करताय." ती जरा थांबली. "आणि गाण्याच्या बाईंचं सांगितलं. गेल्या मंगळवारी सांगितलं, बुधवारी पुन्हा सांगितलं. तुम्ही नुसते जेवत राहिलात, तेव्हाच उमजलं मला."

"बाईंचं काय?"

"त्यांनी शिकवणी बंद केली. मुलींना घरी पाठवून दिलं. म्हणाल्या, घड्याळजी सांगतायत म्हणजे कान गेलाच असणार, चुकीच्या कानाने कुणाला शिकवायचं नाही. वाजवायच्या पेटीला कापड बांधून ठेवलंय."

घड्याळजी रस्त्यातच उभे राहिले. मागून येणारा सायकलवाला घंटी बडवून त्यांना वळसा घालून गेला, ती घंटीसुद्धा त्यांना एकाच बाजूने ऐकू आली. मग ते जे निघाले ते सरळ दुकानात. बायको मागे जवळजवळ पळत होती. त्यांनी कुलूप काढलं, खण ओढला, बाईंचं घड्याळ काढून चावी दिली. सवयीने डावा हात डाव्या कानाकडे गेला. त्यांनी तो खाली घेतला, घड्याळ उजव्या हातात घेतलं आणि उजव्या कानाला लावलं.

टिक-टॉक... टिक-टॉक... टिक-टॉक...

लंगडत होतं. चांगलं ठसठशीत लंगडत होतं, कुणा शिकाऊ पोरालाही कळावं असं. डाव्या कानाला त्यातला जोराचा ठोका तेवढा पोचला होता, हलका वाटेतच गळला होता.

"अरे देवा," घड्याळजी म्हणाले. "काय करून बसलो मी हे."

बायकोने दुकानाचं दार उघडं धरलं.

मागच्या गल्लीत बाईंचं दार बंद होतं. एरवी या वेळी जिना चढतानाच मुलींचे आवाज यायचे. घड्याळजींनी कडी वाजवली. बाईंनी दार उघडलं, त्यांच्या हातातलं घड्याळ पाहिलं आणि थकल्यासारखं हसून म्हणाल्या, "कशाला आणलंत? मला आता काय कळणार त्यातलं?"

"बाई," घड्याळजी म्हणाले. "घड्याळ लंगडतंय. तुम्ही म्हणत होतात तसंच, अगदी तसंच. तुमचा कान सरळ आहे. नासका माझा आहे. आत्ताच अदलाबदल करून बघून आलो."

बाईंनी घड्याळ घेतलं, कानाला लावलं, आणि दुसऱ्या हाताने हळूहळू मांडीवर त्याचा लंगडा ठेका धरला. त्यांचे डोळे भरून आले. मग तोंड फिरवून त्या काहीतरी पुटपुटल्या.

पूर्वीचे घड्याळजी असते तर म्हणाले असते, बाई मनात काहीतरी ठेवतायत. त्यांनी मान वळवली आणि उजवा कान पुढे केला.

"पुन्हा सांगा बाई. या बाजूने."

"मुलींना निरोप धाडा म्हटलं," बाई मोठ्याने म्हणाल्या. "उद्या सकाळी सातला. आणि हे घड्याळ त्याच्याआधी नीट करून आणा, या वेळी चांगल्या कानाने."