व्याजातला आवाज

नवऱ्याने छपाईच्या यंत्रासाठी कर्ज काढलं, सासूबाई जामीन राहिल्या. धंदा बसला, यंत्र विकलं, वर्षभरात नवराही गेला. बँकेने व्याज थांबवलं, कर्ज बुडीत धरलं आणि एका वसुली कंपनीला स्वस्तात विकून टाकलं. कंपनीने पहिल्याच महिन्यापासून व्याज पुन्हा सुरू केलं.

"त्यांना तो हक्कच नाही," मी म्हणाले. मी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. करारही पाण्याच्या नमुन्यासारखाच तपासला होता. "बँकेने सोडलेलं व्याज कर्ज विकत घेणाऱ्याला लावता येत नाही. हरकतीचं पत्र लिहिते."

"कशाला उगाच? लावू दे की," सासूबाई म्हणाल्या.

रद्दीवाल्याचा तराजू स्वतः धरणारी बाई 'लावू दे' म्हणते, तेव्हा मला शंका आली. कंपनीचा पुढचा फोन मीच स्पीकरवर घेतला.

"आजी, या महिन्याचं व्याज जमा झालं," वसुलीवाला अदबीने म्हणाला. "ऐकवतो."

कर्जाबरोबर बँकेतलं जुनं रेकॉर्डिंगही कंपनीकडे गेलं होतं. त्यात नवऱ्याचं एकच वाक्य होतं. ते लागलं, आणि पुढे चालूच राहिलं.

"पुढच्या महिन्यात नक्की भरतो, साहेब. आई, जेवलीस का? गुडघा कसा आहे? आणि तिला सांग..."

तिथे आवाज तुटला.

"आधी नुसतं 'आई' एवढंच वाढलं होतं," सासूबाई हळूच म्हणाल्या. "मग दर महिन्याला थोडं थोडं. मुद्दलापेक्षा व्याज गोड, ते काय खोटं आहे?"

कुणीतरी आवाज बनवत असणार, असं मी स्वतःला सांगितलं. पण सासूबाई पडल्या त्या तो गेल्यानंतर. गुडघ्याचं आम्हा दोघींखेरीज कुणालाच माहीत नव्हतं.

त्यांच्या औषधाच्या डबीत हृदयाच्या गोळ्या मोडून ठेवलेल्या दिसल्या.

"अर्धीवर भागतं गं. व्याजापुरते पैसे वाचतात."

"आई, हे जिवावर बेतेल."

"एक महिना थांब. पुढचं तुला नाही ऐकायचं?"

ऐकायचं होतं. पत्र पर्समध्ये घेऊन मी आठवडाभर टपालपेटीवरून येत-जात राहिले. मग डबीत आणखी तुकडे दिसले, आणि मी पत्र टाकलं.

कंपनीने वाद घातला नाही. व्याज रद्द झालं, भरलेलं सगळं मुद्दलात वळतं झालं. वसुलीवाल्याचा फोन आला, तसाच अदबशीर. "आता फक्त मुद्दल उरलंय, आजी. ऐकवतो."

"पुढच्या महिन्यात नक्की भरतो, साहेब."

सासूबाईंनी बराच वेळ फोन कानाला धरून ठेवला.

"आई म्हणाला नाही," त्या म्हणाल्या.

मी अख्खी गोळी आणि पाणी पुढे केलं. त्यांनी ती गिळली. मग विचारलं, "व्याज परत लावून घेता येतं का गं?"

"नाही," मी म्हणाले.

वसुलीवाल्याचा नंबर मात्र मी अजून खोडलेला नाही.