झोळीच्या दोरीवरची अंडी

रागिणीनं भिंग शेतातल्या निंबाला टांगलेल्या झोळीच्या दोरीला अगदी भिडवलं. केसाएवढ्या बारीक देठांच्या टोकांवर हिरवट अंडी उभी होती. खाली झोळीत पुष्कर मूठ चोखत पडला होता.

"लेकरू सोडून दोरीची दृष्ट काढून राहिली का?" सासूनं, पार्वताबाईनं, विचारलं.

"क्रायसोपाची अंडी हायेत, आत्या. कपाशीवरचा मावा खाणारा किडा." तिनं बाटली पुढं केली. आत हिरवी, जाळीदार पंखांची मादी होती. "पण हिच्या तोंडावर लाल पट्टा हाये. पुस्तकातल्या एकाही जातीशी जुळत नाही."

"मंग घे तिले आपल्या जातीत."

रागिणी हसली. "अकोल्याला कृषी विद्यापीठात सरांना दाखवून येतो. तोवर दोरीले धक्का लागू देऊ नका."

"अन् पोरगं उठलं तं? उचलू का नाई?"

"नका. ओझं कमी झालं की दोरी उसळते. झोळीतच दूध पाजा." तिचा डोळा भिंगालाच होता.

अकोल्यात सर बराच वेळ सूक्ष्मदर्शीवर वाकून होते.

"पंखांच्या शिरा ओळखीच्या, चेहरा परका. नुसत्या मादीवरून ठरत नाही. त्या अंड्यांतून नर निघू दे, मग कुठं बसवायची ते बघू. नवी जात निघाली, तर नाव तू ठेवायचं."

मूर्तिजापूरपर्यंत एसटीत ती नावंच जुळवत होती. पुष्करचं नाव लॅटिनमध्ये कसं दिसेल, तेही तिनं तळहातावर बोटानं लिहून पाहिलं.

शेताच्या धुऱ्यावर पाय ठेवताच वास घशात बसला. पाठीवर पंप घेऊन मामाजी, तिचे सासरे, कपाशीवर कीटकनाशक फवारत होते. वारा त्यांच्याकडून थेट निंबाकडं वाहत होता. निंबाखाली पार्वताबाई नाकाला पदर लावून बसली होती.

"आत्या, फवारणी? आज?"

"आभाळ आलं ना. आजच माराच लागते म्हणे. म्या म्हटलं मारा, मी झोळीपाशी हावो."

"पुष्कर कुठं हाये?"

"झोळीतच. मघा लय रडला, खोकलला. जीव तुटत होता माहा, उचलाव वाटे. पण तुनं बजावलं होतं ना." पार्वताबाईनं पदर बाजूला केला, समाधानानं दोरीकडं बोट दाखवलं. "आता कवाचा गप निजला हाये. पाह्य, एकबी अंडं हाललं नाही."

रागिणीनं दोरीकडं पाहिलं नाही. दोन्ही हात झोळीत घालून ती वाकली, अन् वाकलेलीच राहिली.