अर्धा ठेवलेला शब्द

सुलक्षणा अक्कांची एक लबाडी होती. शिकवताना त्या कुठलाच इंग्रजी शब्द एका दिवसात पुरा करत नसत. आज अर्थ, उद्या उपयोग, परवा जन्म, तो शब्द आला कुठून ते. म्हणजे पोरं परवाही येतात. नोकरीत असताना ही नुसती हौस होती; निवृत्तीनंतर रावेरच्या घरात एकट्या उरल्यावर त्या हौसेची गरज झाली. ओट्यावर आधी बारा पोरं बसायची, मग पाच. यंदा उरली एकटी अलफिया, ट्रकमध्ये केळी भरणाऱ्या असलमची सहावीतली लेक.

सोमवारी फळ्यावर शब्द आला 'हेझ'. थंडीपासून केळी वाचवायला बागांत धूर केला होता, त्यात सातपुडा पुसट झाला होता.

"ते बघ. डोंगर आहे, पण नीट दिसत नाही. हेझ म्हणतात त्याला."

मंगळवारी मनातलं हेझ झालं. माणूस आठवतो, पण चेहरा काही केल्या डोळ्यांपुढे येत नाही, तसं.

"आणि जन्म?"

"उद्या."

बुधवारी अलफिया दप्तराशिवाय आली. मागे रस्त्यावर टेम्पो उभा होता, त्यात गाद्या नि भांडी.

"अक्का, आम्ही धुळ्याला चाललो. अब्बूंना तिथं काम लागलं. जन्म सांगा ना लवकर!"

आजही सांगू नये, असं अक्कांना वाटलं. अर्ध्या शब्दापायी पोरगी निदान फोन तरी करील. 'मोठी गोष्ट आहे, उभ्या उभ्या नाही सांगता येत' हे तोंडाशी आलंही. पण अलफिया चपला काढून रोजच्या जागी बसली होती, हाताची घडी घालून.

"कुणालाच माहीत नाही," अक्का म्हणाल्या. "आधी 'हेझी' सापडतो, चारशे वर्षांपूर्वी, खलाशांच्या बोलण्यात. 'हेझ' त्याच्या मागून. कुणी म्हणतं, राखाडी रंगाच्या एका जुन्या शब्दावरून आला. पुरावा नाही. कोशात सरळ लिहिलंय, मूळ अज्ञात."

"संपलं?"

"संपलं."

"हात्तिच्या! एवढ्यासाठी तीन दिवस? मोबाइलवर केव्हाच बघितलं असतं मी. म्हटलं, अक्का रुसतील."

"चल बेटा!" असलमने हाक मारली.

पुरा झालेला शब्द पोरांनी पुसायचा, असा ओट्यावरचा नियम. अलफियाने फळा पुसला, हात फ्रॉकला पुसले आणि ती पळाली.

दुसऱ्या दिवशी अक्कांनी सवयीने खडू उचलला. नवा शब्द लिहिला. मग त्याचा अर्थ, उपयोग, जन्म, सगळं एकाच वेळी लिहून टाकलं.