न सोडलेला आवाज

रेनो कांगासला नोकरी लागली होती. ती तो आज आपल्या हाताने घालवणार, अशी धास्ती त्याच्या बायकोने, डार्लीनने, सकाळपासून घेतली होती.

काम कॅनडातल्या थंडर बे बंदरावरच्या धान्यकोठारातलं, सरकत्या पट्ट्यांवरचं. मुलाखतीला समोर तिघं होते. प्रत्येक उमेदवाराला तेच प्रश्न, त्याच क्रमाने. वय, प्रकृती, घरी कोण, याबद्दल चकार शब्द नाही. रेनो निवडला गेला. आता वैद्यकीय तपासणी तेवढी उरली होती.

कागद कारखान्याच्या यंत्रांनी त्याचा डावा कान पुरता नेला होता आणि उजवा अर्धा. कारखाना बंद पडला, बेकारभत्ताही संपला. मुलगी कॉलेज सोडून घरी येते म्हणत होती.

"सांगून टाक रे," ट्रक चालवता चालवता डार्लीन मोठ्याने म्हणाली. "निवड झाल्यावर नुसत्या कानावरून काढता येत नाही. पट्ट्याच्या घंटेच्या जोडीला दिवा लावून देतील. कायदाच आहे तसा."

"कायदा लाकूडगिरणीतही होता. तिथे सांगितलं, तर म्हणाले फोन करतो. आला?"

"आलाही असेल. तुला ऐकू आला नसेल."

दोघंही हसली. मग दवाखाना आला.

नर्स इव्हेट त्याच्या समोर बसली. ओठ स्पष्ट दिसत होते, त्यामुळे अडचण आली नाही.

"ऐकण्याचा काही त्रास? कामावर काही सोय लागेल?"

"छे."

"असेल तर आताच सांगा. सोय करणं त्यांच्यावर बंधनकारक आहे."

"बायकोला विचारा. म्हणते, नको तेवढं ऐकतो."

तिने त्याला काचेची खिडकी असलेल्या बंद खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. कारखान्याच्या गोंगाटात माणसं हातवाऱ्यांवर आणि ओठांवर बोलत. दुसऱ्याचं अंग वाचायची सवय रेनोच्या हाडात मुरलेली होती. काचेपलीकडे तिचा खांदा हलला की तो बटण दाबत होता. उजवा कान झाला, डावा झाला. एकदाही चुकलो नाही, असं त्याला वाटलं.

इव्हेट दार उघडून आत आली आणि त्याच्या समोर टेकली.

"रेनो, डाव्या कानाच्या वेळी मी आवाज सोडलाच नव्हता. नुसतं पेन हलवत होते. तरी तुम्हाला ऐकू येत होतं."

"मग लिहा, बहिरा आहे म्हणून."

"तेही लिहिता येत नाही, खरी तपासणी झालीच कुठे? तपासणीत फसवाफसवी केली, एवढंच लिहिता येईल. आणि त्यावरून मात्र ते तुम्हाला नाकारू शकतात."

"घरात दुसरं कुणी कमावत नाही हो."

"पट्टा सुरू व्हायच्या आधी घंटा वाजते. तुम्ही वाकलेले असाल. तिथे माझा खांदा दिसणार नाही."

रेनोने तोंड दोन्ही हातांत झाकलं. तिने त्याच्या गुडघ्यावर थाप मारली, तेव्हा त्याने वर पाहिलं.

"परत एकदा घेते. या खेपेला खुर्ची भिंतीकडे फिरवा. ऐकू आलं नाही तर दाबायचं नाही."

"म्हणजे घेतील मला?"

"कान कसा आहे ते खरं कळलं, तर सोय कशी करायची ते त्यांना बघावं लागेल. घेतीलच, असं मी कसं सांगू?"

खुर्ची भिंतीकडे वळली. उजव्या कानात दूरवर एक शिट्टी उमटली, त्याने दाबलं. आणखी एक. मग बराच वेळ काही नाही, आणि एक अगदी बारीक. मग डावा कान सुरू झाला असावा. समोर राखाडी भिंत, बाकी काही नाही. आवाज येऊन जात होते की तिने सोडलेच नव्हते, कळायला मार्ग नव्हता. दर क्षणाला एकेक संधी हातातून निसटते आहे असं वाटत होतं. अंगठा आपोआप बटणाकडे निघाला. रेनोने तो मुठीत घातला, वरून दुसऱ्या हाताने मूठ आवळली, आणि मागे वळून न बघता तसाच बसून राहिला.