पाच नंबरचं तेल

बाबासोंना गाडीतलं सगळं कळतं, हे कामोठ्याच्या त्या सोसायटीत सगळ्यांना ठाऊक होतं, कारण बाबासोंनीच ते सगळ्यांना सांगितलं होतं. साताऱ्याकडचा माणूस. उभी हयात उरणच्या बंदरातून कंटेनर ओढणारा ट्रेलर चालवला आणि आता मुलाकडे, इंद्रजितकडे राहत होते. ट्रेलर सुटला तरी तोरा सुटला नव्हता. खाली पार्किंगमध्ये कुणी बॉनेट उघडलं की हे तिसऱ्या मजल्यावरून उतरलेच म्हणून समजा.

सुनेला, सुनयनाला, गाडी शिकवली तीही त्यांनीच. ती उरणजवळच्या एका कंटेनर यार्डाच्या ऑफिसात कामाला होती आणि तिच्या जाण्यायेण्यासाठी घरात एक जुनी छोटी गाडी घेतली होती. पोरगी भराभर शिकली. पुलाच्या चढावर, पुढे-मागे गाड्या असताना, तिने हाफ क्लचवर गाडी धरून दाखवली तेव्हा बाबासोंनी गावी भावाला फोन लावला. "आमची सून उद्या ट्रेलरबी चालवंल," असं ते त्याला म्हणाले, आणि ती शेजारीच बसली आहे हे विसरल्यासारखं करून मोठ्याने म्हणाले.

दिवाळीच्या आधी गिअरबॉक्सचं तेल बदलायची वेळ आली. गॅरेजात कशाला जायचं, मी काय मेलोय का, असं म्हणत बाबासो कळंबोलीच्या एका ट्रेलरवाल्या दोस्ताकडून डबा घेऊन आले. ट्रेलरच्या मागच्या चाकांमध्ये जी दातेरी पेटी असते, तिला ड्रायव्हर लोक हाउसिंग म्हणतात, तिच्यात ओतायचं ते तेल. काकवीसारखं जाड. सुनयना गाडीबरोबर आलेलं पुस्तक घेऊन खाली आली.

"आबा, यात जीएल-फोर नंबरचं तेल लिहिलंय. या डब्यावर जीएल-फाइव्ह आहे. आपण फोरच आणूया का?"

बाबासोंनी आजूबाजूला पाहिलं. सोसायटीचे सेक्रेटरी नंदकुमार आणि आणखी दोघंतिघं खुर्च्या टाकून बसलेच होते. प्रेक्षक असले की बाबासोंना चेव चढायचा.

"सूनबाई, शाळंत गणित हुतं का न्हवतं? चारापेक्षा पाच मोठं का ल्हान? डोंगराएवढा कंटेनर ओढनाऱ्या गाडीला जे चालतं, ते ह्या खेळण्याला चालनार न्हाई व्हय?"

सगळे हसले. सुनयनाही हसली आणि तिने पुस्तक मिटलं.

थंडी पडली तसा दुसरा गिअर कुरकुरायला लागला. मग तिसराही. टाकताना दातावर दात घासल्यासारखा आवाज यायचा. अशा वेळी बाबासो बाजूच्या सीटवर असले तर निकाल तयारच असे.

"क्लच पुरा दाबत न्हाईस."

"दाबलाय, आबा."

"मग गाडी काय उगंच रडतीया?"

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण सोसायटीच्या सत्यनारायणाला, शिऱ्याचा द्रोण हातात घेऊन, त्यांनी सुनेच्या ड्रायव्हिंगची नक्कल केली. तोंडाने गिअरचा आवाज काढला आणि वर म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं!" हशा पिकला. इंद्रजितही हसला. सुनयना प्रसाद वाढत होती, ती वाढत राहिली.

पुढे एकदा गव्हाण फाट्यावर दुसरा गिअर पडेचना. मागे ट्रेलरची रांग, भोंग्यांचा गदारोळ. कुणीतरी खिडकीतून डोकं काढून नको ते बोललं. त्या संध्याकाळी घरी येऊन तिने किल्ली दाराजवळच्या खिळ्याला अडकवली. "गाडी तुम्हीच वापरा, आबा. माझ्या पायात ते नाही," एवढंच म्हणाली आणि दुसऱ्या दिवसापासून ट्रेनने जाऊ लागली. बेलापूरला गाडी बदलायची, उरणकडे उतरायचं, मग रिक्षासाठी ताटकळायचं. अशात यार्डाने तिला सुपरवायझर करायचं ठरवलं. पण ती पहाटेची पाळी होती, आणि स्वतःची गाडी असल्याशिवाय जमण्यासारखी नव्हती. तिने सोमवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं.

शनिवारी बाबासो पनवेलला जायला म्हणून, तेल बदलल्यापासून पहिल्यांदाच, ड्रायव्हरच्या सीटवर बसायला गेले आणि त्यांचे गुडघे स्टिअरिंगवर आपटले. सीट पार पुढे ओढलेली. पाठीला काहीतरी टोचलं म्हणून पाहिलं, तर घरातल्या सोफ्यावरची फुलाफुलांची उशी, जुन्या ओढणीने सीटला घट्ट बांधलेली. सुनेची हौस बघा, असं म्हणत त्यांनी ती सोडून मागे फेकली आणि सीट मागे सरकवली. गाडी गेटबाहेर काढली, पहिला टाकला, दुसरा टाकला.

कर्रर्र.

बाबासोंनी खाली पाहिलं. त्यांचा पाय, ट्रेलर हाकून हाकून पिळदार झालेला पाय, क्लचवर होता आणि क्लच जमिनीला टेकला होता. पुन्हा टाकून पाहिलं. पुन्हा तेच. मोकळ्या रस्त्याला गाडी घालून, कुणी बघत नाही ना याची खात्री करून, त्यांनी चोरासारखं परत परत टाकून पाहिलं. गाडी प्रत्येक वेळी तशीच ओरडली.

मग त्यांना ती उशी कळली. सुनयना ठेंगणी. आपला पाय पुरत नाही, असं वाटून तिने सीट पुढे ओढली, तरी भागेना म्हणून पाठीला उशी बांधली. आणि हिवाळाभर ती रोज संध्याकाळी डाव्या गुडघ्याला तेल चोळत होती, तेव्हा बाबासोंनीच तिला निर्गुडीचा पाला बांधायला सांगितला होता. डावा गुडघा का, हे त्यांनी विचारलं नव्हतं. रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून ते तसेच बसून राहिले. म्हाताऱ्याला पनवेलला कशासाठी जायचं होतं तेही आठवेना.

तिथून ते हिरामणच्या गॅरेजात गेले. हिरामण जवळच्याच गावचा आगरी गडी, बाबासोंना वस्ताद म्हणायचा. त्याने गाडी वर घेतली, गिअरबॉक्सचा नट काढला आणि तेल ट्रेमध्ये घेतलं. उग्र वास सुटला. बोटावर तेल घेऊन त्याने उन्हात धरलं, तर त्यात सोनेरी कण चमकत होते.

"पितळ हाय, वस्ताद. आतल्या रिंगांचा. गिअर टाकताना त्याच रिंगा आतल्या दोन दातेरी चाकांचा वेग जुलवतात. हा तेल हाउसिंगचा हाय. लोखंडाला बरा, पन पितळाला खातो. आनि एवढा जाड, की रिंग पकडच घेत नाय." त्याने हात पुसले. "कोनी टाकला?"

"आसंल कुनीतरी गॅरेजवाला," बाबासो म्हणाले.

"त्या गाढवाला परत गाडीच्या जवल नका येव देव."

"न्हाई देत," गाढव म्हणाला.

हिरामणने दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, रिंगा बदलून चार नंबरचं तेल भरून गाडी दिली. आता गिअर नुसत्या बोटाने पडत होते. बाबासोंनी घरी येऊन किल्ली सुनेसमोर ठेवली. खरं सांगायची तयारी ते वाटभर करत आले होते, तोंडातून निघालं ते एवढंच, "झाली झकास. चालव आता."

सुनयना गवार निवडत होती. तिने किल्लीकडे पाहिलंही नाही. "नको, आबा. एवढी दुरुस्त केलीत, परत माझ्या हातून बिघडेल. मी उद्या यार्डात नाही म्हणून सांगते."

गप्प बसणं किती सोपं होतं! हिरामणला काही माहीत नव्हतं, इंद्रजितला तेलातलं काही कळत नव्हतं आणि सुनेने तर सगळा दोष आधीच पदरात घेतला होता. बाबासोंना फक्त चहा प्यायचा होता. कप तोंडाशी नेला आणि तसाच खाली ठेवला. स्वतःची एवढी शिसारी त्यांना आयुष्यात कधी आली नव्हती.

"सूनबाई, जरा खाली चल," ते म्हणाले.

पार्किंगमध्ये खुर्च्या मांडलेल्या होत्या. नंदकुमार होते, सत्यनारायणाला हसलेले बाकीचेही होते. बाबासो त्यांच्यासमोर उभे राहिले. सुनयना जिन्यापाशी थांबली, तिच्या हातात अजून गवारीची शेंग होती.

"गाडी हिनं न्हाई बिघडवली," बाबासो म्हणाले. "मी बिघडवली. तेल मी चुकीचं टाकलं. हिनं पुस्तक आनून दाखवलं हुतं, चारच पायजे म्हनून. तुमी समद्यांनी ऐकलं. मी हिला हसलो. अंगण खरंच वाकडं हुतं, आन वाकडं म्याच केलं हुतं. हिचा पाय चांगला हाय. माज्यापरीस चांगला."

नंदकुमार म्हणाले, "जाऊ द्या हो, बाबासो. होतं असं."

"जाऊ द्या म्हणू नका, काका," सुनयना म्हणाली. मग बाबासोंकडे वळली. "मी घरात दार लावून भिंतीला पाय लावायचे आणि दाबत बसायचे, आबा. मला वाटायचं, माझ्यातच जोर नाही."

एवढं बोलून ती वर गेली. जेवताना तिने नेहमीसारखं वाढलं. बाबासोंनी ताटातली गवार एकही शेंग न टाकता संपवली.

रात्री बाबासोंनी किल्ली परत खिळ्याला अडकवली होती, सोमवारी सकाळी ती तिने काढली. बाबासो मागोमाग उतरले आणि सवयीने बाजूचं दार उघडून आत बसू लागले.

"तुम्ही नका बसू, आबा."

ते उतरले. सुनयनाने सीट हवी तेवढीच पुढे घेतली. मागच्या सीटवर पडलेली उशी उचलून तिने खिडकीतून त्यांच्या हातात दिली.

"ही वर नेऊन ठेवा. आणि ह्यांना सांगा, मला यार्डात हो म्हणायचंय, यायला उशीर होईल."

गाडी गेटबाहेर वळली. बाबासो उशी पोटाशी धरून कान देऊन उभे राहिले. कोपऱ्यावर पहिल्याचा दुसरा झाला तो त्यांना ऐकूच आला नाही. पुढच्या वळणावर तिसराही ऐकू आला नाही. गाडी दिसेनाशी झाली तरी ते तिथेच उभे होते, आणि वॉचमनने विचारलं, "आबा, बरं वाटत नाही का?" तेव्हा त्यांनी उशीनेच डोळे पुसले.