सुधारित आवृत्ती

बाबांच्या मते त्या स्पोर्ट्स कारचा इतिहास म्हणजे एका चांगल्या घराण्याची उतरती कळा होती. पहिल्या आवृत्तीत सहा सिलिंडरचं, दोन कार्बोरेटरचं इंजिन होतं. दुसरीत कंपनीने दोन सिलिंडर कमी केले आणि भरपाई म्हणून टर्बो दिला. "शिट्टी मारणारं शिलाई मशीन," असं बाबा त्याला म्हणत. तिसरीत इंजिन आणखी आक्रसलं, जोडीला बॅटरी आली, आणि आवाज म्हणावा असा उरलाच नाही, म्हणून तो डॅशबोर्डमागच्या स्पीकरवर वाजवायची सोय झाली. तसली एक गाडी शेजारून गेली तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "गळा गेलाय. नुसते ओठ हलवतोय."

पुस्तकाची सुधारित आवृत्ती काढताना प्रकाशक निदान लेखकाला विचारतो. इथे सगळा कारभार हिशेबनिसांचा. बाबांनी मग दुसऱ्या आवृत्तीची, इंजिन जळालेली एक गाडी आणली आणि तिच्यात पहिलीचं इंजिन बसवलं.

मालकांच्या क्लबात यावरून गहजब झाला. अध्यक्ष पेशाने दंतवैद्य; गाडी तिसऱ्या आवृत्तीची, अर्थात स्पीकरवाली. वार्षिक जेवणात ते सगळ्यांदेखत म्हणाले, "ही ना धड इकडची, ना धड तिकडची. कंपनीने दिलेलं इंजिनच हवं."

बाबांनी हात पुसले. "अध्यक्षमहाराज, मी गेल्यावर या. कुणाला न विचारता चालू करून दाखवा आणि घेऊन जा. मग तिच्यात कवळी बसवा नाहीतर काही बसवा."

सगळे हसले. अध्यक्षांनी ते लक्षात ठेवलं.

बाबा गेल्यावर ते समाचाराला आले, ते गाडी वाहून नेणारा ट्रक घेऊनच. बरोबर क्लबाचे चष्मेवाले सचिव. अध्यक्षांनी आईला नमस्कार केला, दोन वाक्यं दुःखाची बोलले आणि तिसऱ्या वाक्यात गॅरेजची किल्ली मागितली.

"वहिनी, त्यांची इच्छाच होती तशी. आम्ही तिला मूळ रूपात आणू. ते सहा सिलिंडरचं धूड काढून टाकू."

मी आईकडे पाहिलं. घरात बाबांचा आवाज म्हणावा असं एवढंच शिल्लक होतं, आणि त्याला हे गृहस्थ धूड म्हणत होते.

"शब्द दिला होता त्यांनी," आई म्हणाली. "करू दे प्रयत्न."

अध्यक्ष कोट काढून आत बसले. मी दाराशी उभी राहिले.

"तुला माहीत असेल ना गं काही, बाळ?" सचिवांनी मला हळूच विचारलं.

"ए, कुणी काही सांगायचं नाही!" अध्यक्ष आतून ओरडले. "अट आहे अट. आणि गाडी चालू करायला मला काय शिकवणी लागते?"

त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन नुसतं घरघरलं. त्यांनी ॲक्सिलरेटर दाबला. मग परत. मग शिंप्यासारखा पाय चालवायला लागले. तिसऱ्या आवृत्तीत बटण दाबलं की गाडी चालू होते. त्या माणसाला कार्बोरेटर म्हणजे काय हे फक्त क्लबाच्या भाषणापुरतं ठाऊक होतं. दर दाबागणिक इंजिनात पेट्रोल सांडत होतं. गॅरेजभर त्याचा वास सुटला.

"चोक असेल कुठेतरी," सचिव चाचरत म्हणाले.

"दुसऱ्या आवृत्तीला चोक नसतो हो! एवढंही माहीत नाही?"

दुसरीला नसतोच. बाबांना डॅशबोर्डला भोक पाडायचं नव्हतं, म्हणून थंड इंजिन चालू करताना ओढायचा चोकचा खटका त्यांनी ग्लोव्ह बॉक्समध्ये बसवला होता. तो अध्यक्षांच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर होता. आई माझ्याकडे बघत नव्हती, आणि मी तिच्याकडे.

शेवटी बॅटरी आचके द्यायला लागली. अध्यक्ष घामाघूम होऊन उतरले.

"मेलंय इंजिन. मी म्हणतच होतो. असल्या जोडाजोडीचं हेच होतं." त्यांनी कोट चढवला. "तुमच्या बाबांना आवृत्त्यांमधला फरक कधी कळलाच नाही."

"खरंय," मी म्हणाले. "तुम्हाला भेटेपर्यंत."

त्यांना ती स्तुती वाटली असावी. रिकामा ट्रक पुढे आणि त्यांची स्पीकरवाली गाडी मागे, अशी वरात निघाली. अध्यक्षांनी जाताना स्पीकर मोठा केला होता.

मी बॅटरीला चार्जर लावला. आई येऊन शेजारच्या सीटवर बसली. पेट्रोलचा वास उडेपर्यंत दोघी बसून राहिलो. मग मी ग्लोव्ह बॉक्सकडे हात नेला.

"चोक नको आता," आई म्हणाली. "आधीच पेट्रोलमध्ये बुडवलंय त्याने. पाय तळापर्यंत दाब आणि हलवू नकोस."

"तुला कसं माहीत?"

"लग्नाआधी फिरायला नेताना तुझे बाबाही तेव्हाच्या गाडीचं इंजिन असंच बुडवायचे."

मी किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, थांबलं, पुन्हा खोकलं आणि सुरू झालं. समोरच्या फळीवरचे लोखंडी पाने खणखणू लागले. शेजाऱ्यांनी खिडकी आपटून लावून घेतली. बाबा असते तर त्यांनाही काहीतरी बोलले असते.

"बंद करू?" मी विचारलं.

"राहू दे," आई म्हणाली. "तापू दे जरा."