तिहानाचा तांबडा ठिपका

भिंगाखाली काचेवर संशयास्पद पेशी दिसली की तिच्याशेजारी शाईचा ठिपका द्यायचा, ही आमच्या प्रयोगशाळेची रीत. माझा ठिपका हिरवा. सव्वीस वर्षं निदानावर सही करताना डॉक्टर झ्लाता आधी हिरवाच शोधायच्या. मग तेवीस वर्षांची तिहाना तांबडी शाई घेऊन आली आणि त्यांची नजर तिकडे वळली. माझा नवरा एकदा पोस्टातल्या बाईकडे बघायला लागला होता, तेव्हाही मी इतकी जळले नव्हते.

सोमवारी इम्ब्रो नावाच्या म्हाताऱ्या मधपाळाच्या फुप्फुसातल्या पेशी आल्या. भडक केशरी, वेड्यावाकड्या. मी चार ठिपके दिले, कर्करोगाचा संशय लिहिला. त्याच आठवड्यात, गुरुवारी, झाग्रेबला त्यांचं अर्धं फुप्फुस काढायचं ठरलं. बुधवारी फेरतपासणीत तिहानाने त्याच काचेवर पाचवा ठिपका दिला.

"लेर्काताई, बघता जरा? धागा आहे. बुरशीचा वाटतोय."

"कापूस गं, बोळ्याचा. मागच्या महिन्यातही कापसालाच बुरशी म्हणालीस."

"तेव्हा चुकले. पण ह्याला फाटे फुटलेत."

"नीट पिंजला नाही की कापसालाही फुटतात."

ती हसली. दात तरी किती सरळ असावेत एखादीचे!

ती कॉफीला गेली तशी मी स्पिरिटचा बोळा उचलला. एक फराटा, की ठिपका गायब. बोळा काचेपर्यंत नेलाही. पण मग तिची फजिती कुणाला दिसणार? ती सगळ्यांना दिसायला हवी होती. म्हणून इम्ब्रोंची दुसरी काच चांदीच्या रंगात घातली. त्यात बुरशी काळी पडते.

दीड तासाने बघितलं. काळेभोर धागे, मधेमधे पडदे, बेचकीसारखे फाटे. माझ्या चार पेशी कर्करोगाच्या नव्हत्याच, बुरशीने नुसत्या चिडवलेल्या होत्या.

डॉक्टर झ्लातांना बोलावलं. त्या बराच वेळ भिंगातून बघत राहिल्या, मग झाग्रेबला फोन करून उद्याची शस्त्रक्रिया थांबवली.

"शाबास, लेर्का! तुझ्या नजरेला तोड नाही बघ."

हे ऐकायला वर्षभर थांबले होते. क्षणभर तोंडात घोळवलं.

"नजर तिहानाची," मी म्हटलं. "मी कापूस म्हणाले होते."

"तिहानाची? अगं, मग बोलाव की तिला!"

काय तो आवाज, मधात बुडवलेला. मी गेले. ती भिंगात डोळा घालून बसली होती.

"चल, डॉक्टर बोलावतायत."

"का हो, ताई? कापूसच निघाला ना?"

"नाही गं बये. बुरशी," मी म्हटलं, आणि तिचा चेहरा फुलायच्या आत पाठ फिरवली.